सूची

मेनरोडच्या मागे, बोळातला हा छापखाना
आता लग्नपत्रिकांवर जगतो.
इथे माझ्या टेबलावर आलेत
रावसाहेब दाजीबा सायखेडकर,
दोनशे अठरा पानांचे, अजून न शिवलेले.

खापरपणतू देऊन गेला. त्याची द्राक्षं दुबईला जातात.
"बाई, शुद्धलेखन तेवढं बघा," म्हणाला,
"मजकूर ट्रस्टने मंजूर केलाय."

तर मी शुद्धलेखन बघते.
पान नऊ : वडिलोपार्जित बारा बिघे.
पान सव्वीस : तीनशे एकर ऊस, गंगेच्या काठाने सलग.
मधल्या सतरा पानांत घोडी आहे, मुंज आहे,
कलेक्टरसाहेबांनी दिलेलं घड्याळ आहे.
जमीन कुणाकडून आली ते नाही.
पण ते माझं काम नव्हे.
अनुस्वार सगळे जागेवर आहेत.

पान एकेचाळीस. दुष्काळ. रावसाहेबांनी पेव उघडलं.
'उघडलं' बरोबर आहे.
दिढीने उघडलं, हे परिशिष्टात,
खातेवहीच्या फोटोत, भिंग धरलं तर दिसतं.
मोडी मी कोर्टातल्या नोकरीत शिकले,
हे ट्रस्टला कुणी सांगितलेलं नाही.

पान एकशे चार. लोकल बोर्ड, मग मुंबईचं कौन्सिल.
आगगाडीच्या कोळशाने पगडी मळू नये
म्हणून ती डब्यात, डबा मांडीवर, रात्रभर.
मला ते आवडले त्या पानावर.
झोप न घेता डबा सांभाळणारा माणूस.

पाणीपट्टीवर ते पाऊण तास बोलले,
लाटसाहेबासमोर, कागद न बघता.
भाषण चांगलं आहे. मी दोनदा वाचलं.
शेवटचं वाक्य आमच्या ऑपरेटरने असं टाइप केलंय :
"आम्ही रयत आहोत, कोणाचे गुलाब नव्हे."

हसले. एकटीच.
गुलशनाबाद नाव पुसून किती पिढ्या झाल्या,
बोटांतून गुलाब जात नाही.
ब खोडला, वर म काढला,
आणि लाल शाई वाळेपर्यंत
त्या म कडे बघत राहिले.

कारण परिशिष्टात, बैलांच्या खाली
आणि मोटेच्या नाड्याच्या वर,
रावसाहेबांच्याच हातचं, सुबक :
सोमा, पेठकडचा, लग्नाचे साठ.
धाकल्या, भावाच्या लग्नाचे चाळीस,
सालं अकरा, बाकी त्रेपन्न.
बुध्या, बापाच्या जागी.
जान्या, पळाला, आणला.

पळाला, आणला.
दोन क्रियापदं. दोन्ही शुद्ध.

सोमवारी फोन आला :
खातेवहीचा फोटो लहान करा, कोपऱ्यात घ्या,
शेजारी हस्तिदंती काठीचा मोठा लावा.
केला. आता भिंगालाही
मुंग्यांची रांग दिसते फक्त.

राहिली सूची.
सूची कुणी करायची, हे ठरावात नव्हतं.
सूची कुणी वाचत नाही, समारंभात तर नाहीच.
मीच केली, दोन रात्री, बिलात न लावता.

जान्या : २११.
धाकल्या : २११.
बुध्या : २११.
सायखेडकर, रावसाहेब दाजीबा : सर्वत्र.
सोमा : २११.
वर्णमालेनेही सोमाला
त्यांच्या मागेच उभं केलं. मी काय करणार.

एक नोंद उरली. "सोमाची बायको, दळणास, जेवून."
स खाली ठेवायची नव्हती मला.
ब खाली, बायको म्हणून, तीही नव्हती.
अ च्या आधी एक ओळ कोरी सोडली.

ऑपरेटर ओरडला, "बाई, ही जागा चुकून राहिली का?
वर ओढून घेऊ?"

नको म्हटलं.
नाव यायचंय.